जळत्या गाडीचे मेजर

मेजर भोयर जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द बोलावेत ही रीत मलाही ठाऊक आहे. पण ते चार शब्द गोळा करायला बसलो की मी दोनावर येऊन अडतो, आणि तेही त्यांच्या मिशांबद्दलचे असतात. मिशा खरंच चांगल्या होत्या. काळ्याभोर, टोकाला पीळ दिलेल्या. दर रविवारी ते त्यांना रंग लावत आणि सोमवारी तो वरच्या ओठावरही दिसे.

मुळात ते मेजर नव्हतेच. एकाहत्तरच्या लढाईनंतर फौजेतून सुटून ते नागपूरजवळ वाडीला आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामावर मॅनेजर म्हणून आले, तेव्हा स्वतःची ओळख 'हवालदार भोयर' अशी करून देत. काही महिन्यांनी ते 'हवालदार मेजर' झाले. मग एका दिवाळीच्या सुमारास हवालदार गळून पडला आणि नुसते मेजर उरले. फौजेत ज्या बढतीसाठी माणसाचा जन्म जातो, ती यांनी अमरावती रोडवरच्या चहाच्या टपरीवर बसून स्वतःच स्वतःला देऊन टाकली. आमच्या शेठला हुद्द्यांमधलं काही कळत नसे, पण फौजी माणसांचा त्यांना भारी कळवळा. 'मेजर आपल्याकडे आहेत' असं ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा त्यांची छाती मेजरपेक्षा जास्त फुगे.

मी बुकिंग क्लार्क होतो. माल घेऊन पावती फाडणं हे माझं काम. मेजरसाहेबांचं ऐकून घेणं हेही त्याच पगारात होतं.

सकाळी गोदाम उघडलं की हमालांचं 'फॉलिन' होई. पाठीवर पोती वाहून कंबर वाकलेली माणसं एका रांगेत छाती काढून उभी राहत आणि मेजर बगलेत छडी धरून त्यांच्या समोरून चालत जात. कोणाचं बटण तुटलेलं, कोणाची दाढी वाढलेली. "सिव्हिल माणसाले शिस्त नाही," हे त्यांचं रोजचं वाक्य. सिव्हिल म्हणजे आम्ही सगळे. जेवणाला ते 'लंगर' म्हणत आणि लघवीला जायचं तरी परवानगी घ्यावी अशी त्यांची अपेक्षा असे. भाजीत मीठ जास्त झालं, ट्रक उशिरा आला, पंखा बंद पडला, काहीही झालं तरी त्यांचं एकच ठरलेलं होतं: "बॉर्डरवर असता ना बाबू, तं समजलं असतं." बॉर्डरवर पंखे कोण लावतं हे विचारायची माझी फार इच्छा होती.

मग एकदा संत्र्यांची गंमत झाली, तीही याच शिस्तीपायी. मृगाच्या बहाराचा माल निघाला होता आणि आमच्याकडे संत्र्याचे ट्रक लागले होते. एरवी ट्रक भरला की निघे, आणि चुंगीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर एकेक करून पास होई. मेजरांना ते बघवेना. म्हणाले, "हे काय कुत्र्यामांजरावानी एकेक जाणं? कॉन्व्हॉय लावा." सगळे ट्रक भरेपर्यंत पहिला भरलेला ट्रक उन्हात उभा. मग सगळे एका ओळीत, सारखं अंतर राखून, कोणी कोणाला ओलांडायचं नाही अशा हुकमानं निघाले आणि सगळे एकदमच नाक्यावर जाऊन उभे राहिले. तिथे एक कारकून आणि एक टेबल. त्यात तिसऱ्या ट्रकचं टायर बसलं. मागच्यांना पुढे काढायचा हुकूम नव्हता, म्हणून कोणी काढले नाहीत. संत्री जिथे पोचायची तिथे पोचली तेव्हा वासावरून ओळखावी लागली. मेजर मात्र खूश होते. "फॉर्मेशन टुटलं नाही," असं ते शेठला सांगत होते, आणि शेठ मान डोलावत होते. मला त्या दिवशी दोघांचीही सारखीच चीड आली.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. मिरवणारी माणसं जगात पुष्कळ असतात. भोयरांबद्दलचा माझा तिटकारा वेगळ्या गोष्टीवरून आहे.

भोयर होते ते लढणाऱ्या पलटणीत नव्हे, रसद पोचवणाऱ्या ट्रान्सपोर्ट कंपनीत. पीठ, डाळ, गूळ, रॉकेल, कांदे, जिवंत बकऱ्या आणि त्याच गाड्यांतून तोफेचे गोळे. पूर्वेकडच्या आघाडीवर, जिथे दर दोन कोसांवर नदी आडवी येई. सुरुवातीला ते या गोष्टी सांगत, आणि खरं सांगतो, मला त्या आवडत. पिठाच्या पोत्यांना पाणी लागलं की वरचा थर घट्ट होतो आणि आतलं पीठ कोरडं राहतं, म्हणून भिजलेलं पोतं फेकायचं नाही. नावेवर ट्रक चढवताना बकऱ्या आधी चढवायच्या की नंतर, यावर दोन सुभेदारांचं कसं भांडण झालं. पुढच्या पलटणीतले जवान गाडीचा आवाज ऐकून ओळखत की आज टपाल आलंय. या गोष्टी सांगताना त्यांच्या मिशा विसरून जाव्यात असं त्यांचं तोंड होई.

मग एकदा हिंगण्याच्या एका कारखान्यात गेटवर असणारा, पायदळातून निवृत्त झालेला एक शिपाई मालाच्या चौकशीला आला. टपरीवर दोघांची ओळख निघाली. त्यानं विचारलं, "कोणती पलटण, साहेब?" भोयरांनी सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "म्हंजे आटेवाले!" त्यात वाईट काहीच नव्हतं. पुढच्याच श्वासात तो म्हणाला, "तुमी नसते आले तं आमी उपाशी मेलो असतो गा. तीन रोज चन्यावर काढले होते आमी." पण भोयरांच्या कानात 'आटेवाले' शिरला तो तिथेच बसला. त्यांनी चहा अर्धा टाकला आणि ते उठून गेले.

त्या आठवड्यापासून पीठ बंद झालं. बकऱ्या बंद झाल्या. आणि जळती गाडी सुरू झाली.

ती गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की आजही झोपेतून उठून सांगू शकेन. दोन्ही बाजूंना तळी असलेला उंच, अरुंद रस्ता. पुढे गाड्या, मागे गाड्या, सगळ्यांत तोफेचे गोळे. एका गाडीजवळ गोळा पडतो, तिची ताडपत्री पेट घेते. ती तिथेच राहिली तर स्फोट होऊन पुढची मागची सगळी रांग जाणार. सगळे उड्या टाकून पळतात. आणि भोयर — इथे ते उभे राहत — त्या पेटलेल्या गाडीत चढतात, रेस देतात आणि गाडी सरळ तळ्यात घालतात. "स्टिअरिंग असं तापलं होतं बाबू, भाकरीचा तवा. पन सोडलं नाही. सोडलं असतं तं आज ते पन्नास पोरं जित्ते नसते." हे म्हणताना ते दोन्ही मुठी हवेत धरून चाक फिरवत. हमाल काम थांबवून बघत. शेठ प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट ऐकवायला लावत. मीसुद्धा ती खरी मानली होती. इतकी नीट गोष्ट कोणी मनानं रचत नाही, असं मला वाटे, आणि ते बरोबरच होतं. ती त्यांनी रचलेली नव्हतीच.

एका दुपारी गोदामाच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. उंच, काटकुळा, फौजी हिरवट शर्ट, उन्हानं विटलेला. त्यानं 'जय भीम' म्हणत हात जोडले, पण ते नीट जुळले नाहीत. दोन्ही तळव्यांची कातडी वितळून पुन्हा थिजल्यासारखी होती आणि डाव्या हाताची बोटं आत वळून तिथेच राहिली होती. नाव नत्थू गजभिये. रामटेककडच्या एका खेड्यातला. शेठ त्या दिवशी गोदामावरच होते. गजभियेनं थोडक्यात सांगितलं. फौजेत ड्रायव्हर होतो, लढाईत हात गेले, पेन्शन आहे. पण भावाच्या घरात राहतो. थोरली पोरगी सातवी पास झाली, गावात त्यापुढे शाळा नाही. गोदामाच्या गेटवरच्या माणसाला कंपनी राहायला खोली देते असं ऐकलं. "खोली भेटली तं पोरीले नागपुरात शाळेत टाकतो, शेठजी. गेटवर उभं राहाले हात कुठं लागते?"

शेठ विरघळलेच होते. त्यांनी विचारलं, "कोणत्या युनिटात होता?" त्यानं सांगितलं. शेठनी टाळी वाजवली. "अरे, हे तर आपल्या मेजरचं युनिट!" आणि त्यांनी भोयरांना हाक मारली.

भोयर आतून आले. गजभियेचं तोंड असं फुललं की मला अजून आठवतं. "साहेब!" एवढंच तो म्हणाला.

शेठ म्हणाले, "मेजर, हा तुमचाच माणूस म्हणून सांगून राहिला. लढाईत हात जळाले म्हणते. तुम्ही सांगा, आणि आजच ठेवून घेतो."

एक शब्द पुरेसा होता. 'हो' म्हटलं असतं तर शेठनी त्याला त्याच मिनिटाला खोलीची किल्ली दिली असती. पण मग शेठनी विचारलंच असतं की हात कसे जळाले, आणि गजभियेनं सांगितलं असतं. भोयरांनी त्या हातांकडे पाहिलं, मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "आमचाच आहे, शेठ. पन एक सांगतो, इमानदारीनं. बिडी. पेट्रोलजवळ बिडी पेटवली होती यानं. हात त्यातच गेले, अन् सरकारी गाडी बी गेली. आपल्याइथं कापसाच्या गाठी असतात. मी तं नाही म्हनीन."

गजभिये शेठकडे न बघता भोयरांकडे बघत राहिला. "साहेब," तो म्हणाला, "मी तं बिडी पीतच नाही."

भोयर म्हणाले, "आता सोडली असन." आणि आत निघून गेले.

शेठनी हात हलवला, तोंडानं चुकचुक केलं, आणि प्रकरण संपलं. कापसाच्या गोदामात आगीचं नाव निघालं की दयामाया राहत नाही, आणि भोयरांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. चोर म्हटलं असतं तर शेठनी चौकशी केली असती. दारुडा म्हटलं असतं तर समज देऊन ठेवून घेतलं असतं. नेमका तोच आरोप निवडला जो गजभियेच्या हातांवर लिहिल्यासारखा दिसत होता. मेजरसाहेबांनी आयुष्यात एकच डाव अचूक टाकला, तो हा.

मी गजभियेला टपरीवर घेऊन गेलो. त्यानं कप दोन्ही मनगटांच्या मध्ये धरला आणि तो सवयीनं, न सांडता चहा पिऊ लागला. मी विचारलं, हात कसे जळाले. तेव्हा त्यानं ती गोष्ट सांगितली: उंच रस्ता, तळी, ताडपत्री. फक्त त्याच्या गोष्टीत कोणी उभं राहत नव्हतं आणि पन्नास पोरंही नव्हती. "गाडी माही होती ना," तो म्हणाला. "ड्रायव्हरनं आपली गाडी सोडून कुठं जाव? म्हून चढलो." हातांची कातडी स्टिअरिंगला चिकटली ती पाण्यात गेल्यावर सुटली, हेही त्यानं सांगितलं. तवा-बिवा काही म्हणाला नाही.

"आणि भोयर कुठे होते?"

"साहेब मागं, पिठाच्या गाडीवर." मग त्याचा आवाज बदलला. "बाबूजी, तुमाले एक सांगतो. रस्ता बंद होता, दवाखान्यात न्याले गाडी नव्हती. तवर भोयर साहेबानं मले आपल्या गाडीत ठेवलं. दोनी हाताले पट्ट्या. साहेबानं आपल्या हातानं मले जेवू घातलं. सकाळ-संध्याकाळ. खिचडी फुकून फुकून भरवत होता. माही माय मी ल्हान होतो तवाच गेली, तिनं कसं भरवलं ते मले आठवत नाही. पन यानं भरवलं." त्यानं मनगटांनी कप खाली ठेवला. "गावाकडं असतो तं याच्या घरच्या माठाले मी हात लावू शकलो असतो काय? अन् तिथं एकाच ताटात."

मी त्याला सांगितलं की ती जळत्या गाडीची गोष्ट भोयर स्वतःची म्हणून सांगतात. मला वाटलं तो चिडेल. त्यानं खांदे उडवले.

"सांगू द्या ना. माह्या काय कामाची आहे ते? पन बिडीचं काहून म्हनलं, बाबूजी? बिडीचं काहून म्हनलं?"

त्याला रामटेकच्या गाडीत बसवून मी शेठकडे गेलो आणि सगळं सांगितलं. शेठनी ऐकून घेतलं. म्हणाले, "असेल. नसेल. पण आता मेजरला खोटं पाडू काय? दहा व्यापाऱ्यांना मी ती गोष्ट ऐकवली आहे." शेठचा कळवळा किती खोल आहे ते मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या पंधरा ऑगस्टला गोदामासमोर झेंडावंदन झालं आणि मेजरांचं भाषण झालं. मी मुद्दाम त्यांच्या हातांकडे बघत होतो. स्टिअरिंग तापलं, तवा झाला, मुठी हवेत आल्या. गुबगुबीत, गुळगुळीत हात. एवढी वर्षं आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत आलो होतो, हातांकडे कोणी पाहिलंच नव्हतं. मी गजभियेबद्दल हमालांशी बोललो होतो, आणि त्यातला किसन नावाचा म्हातारा हमाल सगळ्यांसमोर अगदी साधेपणानं म्हणाला, "मंग मेजरसाहेब, तुमचे हात तं लय चांगले राहिले."

भोयरांनी क्षणभरच विचार केला. "हातमोजे होते," ते म्हणाले. "मिलिटरीचे."

त्यानंतर ती गोष्ट कधीही हातमोज्यांशिवाय सांगितली गेली नाही. त्यांना रंग आला, बटणं आली, कोण्या कर्नलनं ते खास दिल्याचंही आलं. लाज नावाची वस्तू त्या माणसाच्या रसदीत कधी चढलीच नव्हती. किसनचा मात्र पुढल्या महिन्यात फॉलिनमध्ये रोज काहीतरी दोष निघू लागला, आणि एक दिवस तो यायचाच बंद झाला.

दोनेक वर्षांनी कामानिमित्त रामटेककडे गेलो तेव्हा मी चौकशी करत गजभियेच्या गावी गेलो. तो बांधावर बसला होता. बांधीत, भाताच्या खाचरात, बायका धानाची रोवणी करत होत्या. त्यातल्या एका मुलीकडे मान वळवून तो म्हणाला, "हे थोरली." गुडघाभर चिखलात, वाकलेली, हातात रोपांची जुडी. येत्या उन्हाळ्यात तिचं लग्न होतं. "हुशार होती जी," तो म्हणाला. मी निघायला उठलो तेव्हा त्यानं विचारलं, "भोयर साहेब बरे आहेत ना?" मला त्याचाही राग आला. पण खरा राग कोणाचा होता ते मला माहीत आहे.

भोयर निवृत्त झाले आणि त्यांनी अमरावती रोडलाच थोडं आत एक घर बांधलं. दारावर 'मेजर' लिहिलेली पाटी. कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा जुन्या माणसांना शालजोडी द्यायची म्हणून शेठनी मला त्यांना आमंत्रण द्यायला पाठवलं. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मी बसलो नाही तोच ते म्हणाले, "समारंभात चार शब्द बोलीन म्हणतो. ते गाडीचं." आणि त्यांचे हात वर आले.

मला ते सहन होईना. मी म्हणालो, "साहेब, त्या दिवशी नत्थू गजभिये मला दुसरंच सांगत होता. म्हणाला, तुम्ही त्याला कित्येक दिवस आपल्या हातानं जेवू घातलं. खिचडी फुंकून फुंकून. आईनं भरवलेलं आठवत नाही, पण तुम्ही भरवलेलं आठवतं, म्हणाला."

त्यांच्या पत्नी चहा घेऊन दारात आल्या होत्या. सुकलेली, कमी बोलणारी बाई. मी त्यांना कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या तिथेच थांबल्या. ट्रे हातात तसाच राहिला आणि तोंडावर असं काही आलं की मी नजर काढू शकलो नाही.

"खरंच काय हो?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी भरवलं त्याले? इतक्या वर्सात मले सांगतलं नाही कधी."

भोयर बायकोकडे बघत राहिले. सगळं सोपं होतं. हात खाली घ्यायचे आणि मान हलवायची. आयुष्यात केलेली एकुलती एक चांगली गोष्ट, खरी घडलेली, ज्याला भरवलं त्याच्याच शब्दांत दारात आली होती, आणि ती ऐकायला जगात ज्या एका माणसाला हवी होती ते माणूस समोर उभं होतं.

"झूट आहे," भोयर म्हणाले. "मी काय बाई आहो काय, कोनाले भरवाले? अन् त्याले?"

बाईंनी ट्रे माझ्या बाजूच्या स्टुलावर ठेवला. "मले वाटलंच," त्या हळूच म्हणाल्या. "मी टायफाइडनं पडली होती तवा तुमी पान्याचा गिलास देल्ला नाही." आणि त्या आत गेल्या.

मी उठलो. भोयरांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून आतल्या दाराकडे वळून ओरडले, "साखर कमी आहे वं!"